गुंतवळाची वाटी

आमच्या विहीणबाईंनी आजवरच्या आयुष्यात एकही वस्तू वाया जाऊ दिलेली नाही. आणि हे मी कौतुकानं सांगतेय की तक्रारीनं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. लेक-जावई पुण्याला असतात आणि आम्ही दोघी इथं सोलापुरात, एकमेकींपासून चालत दहा मिनिटांवर, आपापल्या घरात एकेकट्या. लोकांच्या विहिणी लग्नाला भेटतात, बारशाला भेटतात, तेवढ्यात काय भांडायचं ते भांडून मोकळ्या होतात. आमच्या नशिबी रोजची सोबत आली, त्यामुळे भांडण पुरवून पुरवून वापरावं लागतं.

तर वाया न घालवण्याचं सांगत होते. दुधाच्या पिशव्या त्या धुऊन दोरीवर ओळीनं वाळत घालतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, घरात काही कार्य आहे आणि पताका लावल्यात. साबणाची चीप उरली की ती नव्या साबणाच्या पाठीवर चिकटवायची, त्यामुळे त्यांच्या न्हाणीतल्या साबणाला मी कायम पोक आलेलंच बघितलंय. शिळ्या भाकरीचे कुटके, कुटक्यांतलं उरलेलं चिमण्यांना, चिमण्यांनी सांडलेलं मुंग्यांना, अशी त्यांच्या घरची एक भाकरी तीन पंगती उठवते. कॅलेंडरचा महिना संपला की पान फाडून त्याच्या पाठीवर वाणसामानाची यादी, औषधांच्या वेळा, कुणाचा निरोप. गोळ्या संपल्या तरी रिकामी पाकिटं टाकायची नाहीत. का, तर "चकाकत्यात की वो! काय तरी उपेग हुईल." आणि वस्तूंचं सोडा, ही बाई रागसुद्धा वाया घालवत नाही. एकदा दूधवाला दोन दिवस आला नाही. त्याला सुनवायचं म्हणून विहीणबाईंनी मनातल्या मनात चांगलं घोटून बोलणं तयार ठेवलं होतं. तो तिसऱ्या दिवशी आला तो पायाला पट्टी बांधून, लंगडत. आता लंगड्या माणसाला काय बोलणार? त्याला उलट चहा पाजला. संध्याकाळी मी आपली सहज गेले, तर "विहीणबाई, तुमी काल येते म्हनला अन् आला न्हाईत, मानसानं वाट किती बगायची वो?" इथून जी सुरुवात झाली ती माझा चहा गार होईपर्यंत. मी मुकाट ऐकत होते. शेवटाला "वर पानी घालता ते घालता" असं एक वाक्य आलं, तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की हा राग मूळचा माझा नाहीच.

आता असल्या बाईनं स्वतःच्या डोक्यावरचे केस तरी कसे वाया घालवावेत? विंचरताना फणीत जो केसांचा गुंता निघतो त्याला आम्ही गुंतवळ म्हणतो. पूर्वी घरोघरच्या बाया तो जपून ठेवायच्या आणि डोक्यावर गाठोडं घेऊन "केसांवर भांडीऽऽ" असं ओरडत येणाऱ्या बाईला द्यायच्या. ती केसांचं वजन हातानंच अजमावून बदल्यात भांडं द्यायची. आता कोण करतं? पण विहीणबाईंनी हा व्यवहार सोडला नाही. न्हाणीच्या दारामागं खिळ्याला एक कापडी पिशवी. रोजचा गुंतवळ बोटाला गुंडाळून, त्याची अंगठी करून पिशवीत. दिवाळी ते दिवाळी पिशवी भरायची आणि वर्षाच्या केसांचा एक चमचा यायचा. असे पुष्कळ चमचे त्यांच्याकडं आहेत आणि कुठला कुठल्या सालचा, ते तोंडपाठ. "ह्यो बगा, तुमच्या लेकीचं लगीन झालं त्या सालचा. त्या साली लई विंचरनं झालं, म्हनून जरा थोरला हाय." आलेल्या पाहुण्याला त्याच चमच्यानं शिरा देतात. पाहुण्याला काही सांगत नाहीत. मला मात्र सांगितलेलं आहे, त्यामुळे मी त्यांच्याकडं शिरा हातानं खाते.

तर गेल्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, विहीणबाई माझ्या दारात उभ्या. हातात स्टीलची नवी कोरी वाटी. "हे तुमच्याकडं असू द्या," म्हणाल्या, वाटी हातात दिली आणि पाणीसुद्धा न पिता गेल्या.

इथं तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगायलाच पाहिजे. नऊ वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात विहीणबाईंनी मला मानाची म्हणून जी साडी दिली, तिच्या घडीतून दुसऱ्याच कुणाच्या तरी बारशाच्या आहेराची चिठ्ठी निघाली होती. त्यांना कुठून तरी आलेली, पेटीत पडून राहिलेली, वाया जाऊ नये म्हणून माझ्या अंगावर घातलेली. मी तोंडानं काही बोलले नाही. पण मुलीच्या आईनं न बोललेलं कुठं जातं, ते मुलींच्या आयांनाच ठाऊक. नऊ वर्षं ती चिठ्ठी मी जपून ठेवलीय. तेव्हा ही वाटी हातात आली आणि मला वाटलं, उशिरानं का होईना, बाईच्या मनाला लागलंय. गणपतीच्या आधी एक झाकणाची डबी आली, "हीबी असू द्या." मी मनात म्हटलं, आता व्याजही येतंय. पितृपक्षात एक झारा आला. मी लेकीला फोनवर ऐटीत सांगितलं, "तुझ्या सासूबाई मानपान करतायत बरं का माझा, हप्त्याहप्त्यानं."

आणि या मानाच्या नादात मला बाकीचं काही दिसलंच नाही, याची आज लाज वाटते. विहीणबाई भजनाला येईनाशा झाल्या होत्या. माझ्या ओट्यावर बसेनाशा झाल्या होत्या. एवढ्या उकाड्यात, स्वतःच्या घरात, चुलीपुढंसुद्धा पदर डोक्यावरून घट्ट ओढून कानामागं खोचलेला. त्यांचा अंबाडा म्हणजे आमच्या गल्लीत मोठ्या नारळाएवढा म्हणून गाजलेला. तो कित्येक दिवसांत मी पाहिला नव्हता, आणि पाहिला नाही हेही मला कळलं नव्हतं.

कळलं ते त्या भांडीवालीमुळं. मी विहीणबाईंकडं गेले होते आणि ती उंबऱ्याशी गाठोडं सोडून बसली होती. विहीणबाईंनी पिशवी तिच्यापुढं ठेवली. तिनं उचलून पाहिली, तोंड उघडून आत हात घातला, आणि हात तसाच ठेवून वर बघितलं.

"मावशी, कुनाकुनाचं गोळा केलंय?"

"माजंच हाय."

"तुमच्या एकलीचं? गेल्या खेपंला बी हेवढंच हुतं. त्याच्या आदल्या खेपंला बी." तिची नजर पदरावर गेली. मग तिनं पिशवीचं तोंड आवळलं आणि ती सावकाश उंबऱ्यावर, विहीणबाईंच्या बाजूला सरकवली. "न्हाई घेत म्या. आदी डाक्टरला डोस्कं दावा. मग देते काय द्यायचं त्ये."

"अगं, तुला केसाशी काम का माज्या डोस्क्याशी?"

"केसाशीच हाय म्हनून तर सांगते. डोस्कं ऱ्हायलं तर केस येतील की, मावशी." एवढं बोलून ती गाठोडं बांधून निघून गेली. ज्या बाईचं पोट केसांवर चालतं, ती दारात आलेले केस परत करून गेली. मी आणि विहीणबाई त्या पिशवीकडं बघत बसलो.

मग सगळं बाहेर आलं. त्यांची थोरली बहीण, करमाळ्याची आक्का, मोठ्या आजारानं गेली. आजाराचं नाव विहीणबाई अजून घेत नाहीत, मोठा आजारच म्हणतात. आक्काला भेटायला त्या गेल्या तेव्हा उशीवर केसांचा पुंजका पडलेला होता, तो त्यांनी स्वतः उचलला होता. पुढं काही महिन्यांत आक्का गेली. तेव्हापासून विहीणबाईंच्या हिशेबी केस आधी जातात, मागून माणूस जातं. आषाढापासून फणी भरून केस यायला लागले आणि त्यांनी मनाशी समजून घेतलं. लेकाला सांगितलं नाही, सुनेला नाही, मला नाही.

"अहो, पण ती भांडी?" मी विचारलं.

"माज्या मागं कोन त्ये भंगारात घालंल. माजे केस हायत त्ये. तुमी सांबाळून ठेवता, ठावं हाय मला. साडीतली चिठ्ठीसुदिक ठेवलीय की न्हवं तुमी."

म्हणजे चिठ्ठीचं त्यांना नऊ वर्षं ठाऊक होतं! आणि मी जो मान म्हणून मिरवत होते, तो बाईनं निघायची तयारी म्हणून बांधलेला बोजा होता. मला रडूही येईना आणि रागही धरवेना. मी म्हटलं, उठा, आत्ता दवाखान्यात जाऊ. तर नाही म्हणजे नाही. एक तर इथल्या दवाखान्यात बाकावर अर्धी गल्ली भेटणार, आणि चारचौघांत पदर काढायचा. आणि दुसरं, खरं कारण त्या हळूच बोलल्या: "तितं गेलं की त्ये सांगत्यात, विहीणबाई."

"सांगितलं नाही म्हणून काय नसतं होय?"

"असतंय. पर कळंपत्तूर तरी नसतंय."

मी कुणाला सांगणार नाही अशी देवाची शपथ त्यांनी मला घातली, ती मी घरी पोचेपर्यंत पाळली. मग लेकीला फोन लावला. लेक आधी रडली, मग चिडली, मग कामाला लागली. माझीच मुलगी ती. म्हणाली, "आई, पुण्यात एक त्वचेच्या डॉक्टर आहेत, फोनवरच बघतात. व्हिडिओवर. घरात बसून दाखवायचं, कुठं जायला नको." मी भीतभीतच विहीणबाईंना सांगितलं. शपथ मोडल्याबद्दल त्यांनी मला जे ऐकवलं त्यातलं निम्मं तरी दूधवाल्याचं शिल्लक राहिलेलं असावं. पण व्हिडिओला मात्र तयार झाल्या. कारण? "लईच वंगाळ सांगाय लागली तर फोन बंद करता येतो. दवाखान्यात डाक्टरला कुटं बंद करायचा?"

बुधवारी दुपारी चारची वेळ. माझ्या खिडकीत उजेड चांगला म्हणून माझ्या घरी. विहीणबाई तीनलाच हजर, ठेवणीतलं इरकल नेसून, पदराला चार पिना, हातात भली मोठी पिशवी. मी फोन टेबलावर ठेवायला निघाले तर त्यांना ते पटेना. डॉक्टरीण घरी येणार आणि तिला काय टेबलावर उभं करायचं? पाट मांडला, पाटावर तांब्या, तांब्याला टेकून फोन, पाहुणी बसवावी तसा. आणि त्या फोनपुढं चहाचा कप. मी म्हटलं, "अहो, ती पुण्यात आहे." तर म्हणाल्या, "म्हनून काय तिच्यापुढं आपल्याच आपन प्यायचा?"

चारला फोन वाजला. डॉक्टर म्हणजे माझ्या लेकीपेक्षाही लहान दिसणारी, चष्मा लावलेली पोर. "नमस्कार आजी, मला फक्त पंखा दिसतोय." मी फोन सरळ केला. "हां, आता दिसलात. केस तर चांगले दाट दिसतायत की तुमचे!"

"ह्या न्हवं, म्या हाय पेशंट," विहीणबाई मला कोपरानं बाजूला सारत म्हणाल्या. "ह्यांच्या डोस्क्याला काय धाड भरलीय." मग माझ्या कानाशी, "आजी कुनाला म्हनती वो ही?"

"दोघींना," मी म्हटलं.

शेजारच्या मागांची खडखड चालू होती. डॉक्टरनं विचारलं, "तुमच्याकडं पाऊस पडतोय का?" विहीणबाई म्हणाल्या, "न्हाई, माग हायत. टावेल इनत्यात. तुमास्नी एक पाटवून देऊ का?" अशी पाच मिनिटं गेली आणि मला कळलं, की ही बाई मूळ गोष्टीला हात घालू देणार नाही. पण ती पोर हुशार. हसली आणि म्हणाली, "टॉवेल नंतर. आधी पदर काढाल का?"

विहीणबाई फोनमध्ये वाकून बघायला लागल्या. "तिकडं तुमच्या खोलीत कोन गडीमानूस हाय का?"

"नाही, मी एकटीच आहे."

"दाराला कडी हाय का?"

आणि ती पोर खरोखर खुर्चीवरून उठली, आम्हाला दिसेल असं दार लावून कडी घालून परत येऊन बसली. त्या क्षणापासून मला ती घरातलीच वाटायला लागली.

विहीणबाईंनी एकेक पिन काढली. पदर खाली घेतला. फोन मी त्यांच्या डोक्यावर धरला होता, त्यामुळे डॉक्टरइतकंच मलाही दिसलं. पूर्वी भांग म्हणजे पायवाट होती, तिचा आता हमरस्ता झाला होता. नारळाच्या जागी सुपारीएवढी गाठ. आणि उघडे पडलेले कान, एवढेसे, परकरी पोरीचे असावेत तसे. "फोन जरा स्थिर धरता का?" डॉक्टर म्हणाली. मी दोन्ही हातांनी धरला.

तिनं खाज येते का विचारलं, मधेच गोल चाई पडलीय का ते बघितलं, एक बट हलकेच ओढायला सांगितली. मग म्हणाली, "साधारण किती केस जातात रोज? मूठभर? कमी?"

"थांबा," म्हणत विहीणबाईंनी पिशवीत हात घातला. मला सकाळीच निरोप आला होता की माझ्याकडची भांडी तयार ठेवा, ती मी ठेवली होती. आता त्यांनी ती एकेक करून फोनपुढं मांडली. आधी पिशवीतला एक चमचा. "ह्यो वर्साचा. दिवाळी ते दिवाळी." मग वाटी. "ही नागपंचमीची." मग डबी. "ही गनपतीच्या आदीची. अन् ह्यो झारा पितरांतला. अन् आनि येक पिशवी भरलेली हाय, तिचं अजून काय आलं न्हाई."

फोनमध्ये सगळं सामसूम. मला वाटलं नेट गेलं. मग मी गुंतवळाचा सगळा प्रकार समजावून सांगितला. ती पोर तोंडावर हात धरून हसली, पण हसता हसताच तिनं कागद पुढं ओढला. "म्हणजे वाढलं ते श्रावणाच्या जरा आधी, एकदम. आजी, त्याच्या दोन-तीन महिने आधी काही आजारपण झालं होतं?"

"ताप हुता की. वैशाखात. धा-बारा दीस अंगाची निसती भट्टी."

"कुठल्या गोळ्या घेतल्या, आठवतं का?"

आठवायचं कशाला? पिशवीतून कॅलेंडरचं मे महिन्याचं पान निघालं. त्याच्या पाठीवर रोजचा ताप आणि गोळ्यांच्या वेळा. त्याच्यामागून गोळ्यांची रिकामी, चकाकणारी पाकिटं, एकूण एक, दोऱ्यात ओवलेली. विहीणबाईंनी ती माळ फोनपुढं धरली. डॉक्टर एकेक नाव वाचत गेली आणि मला म्हणाली, "इतकी नीट माहिती मला कुणी देत नाही हो." मी विहीणबाईंकडं बघितलं. दुसरा कुठला दिवस असता तर या वाक्यावर त्यांनी वर्ष काढलं असतं. पण त्यांचं लक्षच नव्हतं. दोन्ही हातांनी पदराचा काठ धरून त्या बसल्या होत्या.

"डाक्टरीनबाई, येक इचारू? मोठा आजार न्हाई न्हवं?"

मग आक्काचं सगळं सांगितलं. उशीवरच्या पुंजक्यासकट. त्या पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजी, तुमच्या बहिणीचे केस त्या आजारानं नव्हते गेले. त्याच्यावर जे औषध देतात, त्यानं गेले असणार. आधी औषध, मग केस. तुमचं वेगळं दिसतंय. जोराचा ताप येऊन गेला की अंगाला धक्का बसतो आणि दोन-तीन महिन्यांनी पुष्कळ केस एकदम गळतात. मुळं जागेवर असतात. बहुतेक वेळा परत येतात. पण फोनवर बघून मी खात्री नाही देणार. रक्त तपासून घ्या, आणि मग आपण परत बोलू."

विहीणबाई फोनच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी केस आदी न्हाई जात?"

"नाही."

"मला ह्ये कुनी सांगितलंच न्हाई की वो." आणि डोळ्यांना पदर लावला. फोन बंद करायची धमकी देणारी बाई, डॉक्टरनं फोन ठेवला तरी त्या काळ्या काचेकडं बघत बसली होती. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी पाटापुढचा डॉक्टरीणबाईंच्या वाट्याचा गार चहा उचलला आणि पिऊन टाकला. मला जरा धीर आला.

दुसऱ्या दिवशी रक्त न्यायला माणूस घरी आला. "येवढं नेताय, वाया न्हाई न्हवं घालवनार?" एवढं एकच त्या बोलल्या. मग रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस. मी सकाळ-संध्याकाळ जात होते. शेंगाचटणी नेली, तशीच राहिली. आणि त्या चारही दिवसांत त्यांच्या अंगणातली दोरी रिकामी होती. दुधाच्या पिशव्या त्यांनी धुतल्याच नव्हत्या. मोरीशी तशाच चोळामोळा पडलेल्या. मी ते पाहून घरी आले, आणि त्या रात्री मी माझ्या देवाशी ज्या भाषेत बोलले ती इथं लिहिण्यासारखी नाही.

सोमवारी डॉक्टर पुन्हा फोनवर आली. यावेळी पाट नाही, चहा नाही. विहीणबाई फोन हातातच धरून उभ्या. "आजी, रक्तात लोह बरंच कमी आहे. बाकी सगळं चांगलं आहे. भीतीचं काही नाही. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, पोटभर जेवायचं, घट्ट अंबाडा घालायचा नाही. केस सावकाश येतील. तीन महिन्यांनी मला डोकं दाखवा." विहीणबाईंनी विचारलं, "तेल-बिल काय?" ती म्हणाली, "तेल तुमचं आहे तेच ठीक आहे. उगाच महागडं काही घेऊ नका, वाया जाईल." विहीणबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की हिला आपल्या घराण्यातच द्यायला पाहिजे होतं.

मंगळवारी सकाळी मी लांबूनच बघितलं: अंगणात दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दुधाच्या पिशव्या फडफडत होत्या. पाच दिवसांच्या एकदम. मी तिथंच रस्त्यात कुणाच्या तरी पायरीवर टेकले आणि चांगलं रडून घेतलं. एक बाई विचारायला लागली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पिशव्या वाळत घातल्यात.

आणि त्याच संध्याकाळी विहीणबाई माझ्या दारात. "विहीणबाई, ती भांडी द्या माजी."

"कसली भांडी? मला दिलेली ना?"

"म्या मागं ऱ्हाईन न ऱ्हाईन म्हनून दिली हुती. आता म्या हाय की!"

मी भांडी काढायला आत गेले. पण भांडं रिकामं परत करू नये अशी आपली रीत. डबी शेंगाचटणीनं भरून दिली. झाऱ्यात काय भरणार? तेव्हा कढई ठेवली, कांद्याची भजी तळली आणि शेवटचा घाणा झाऱ्यातच ठेवून झारा त्यांच्या हातात दिला. आम्ही दोघींनी ती तिथंच उभ्या उभ्या संपवली. वाटीचं मात्र मी सांगितलं, की सापडत नाही. "बगा नीट," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बघते. पुढचे दोन महिने त्या विचारत होत्या आणि मी बघत होते.

संक्रांतीला, आमच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला ती भांडीवाली पुन्हा आली. विहीणबाईंनी तिला आत ओढलं, पदर खाली घेतला आणि डोकं तिच्यापुढं वाकवलं. भांगाच्या दोन्ही बाजूंना ज्वारीचे कोंब यावेत तसे बोटभर नवे केस उभे होते, काळे-पांढरे मिसळून, कुणाचं न ऐकणारे. भांडीवालीनं त्यांच्यावरून तळवा फिरवला, कापड पारखावं तसा. मग पूर्वीची ती परत केलेली पिशवी मागून घेतली. "हिचं आता देते. पर मावशी, हितनं म्होरं तुमच्याकडं माजा धंदा बसला. वर्साला चमचाच बगा आता."

"चमचाच दे बाई," विहीणबाई म्हणाल्या. "चमचाच बरा."

परवा त्या माझ्याकडं जेवायला होत्या. डॉक्टरचं ऐकून अंबाडा सैल घातलेला. लिंबाएवढा झालाय आता. वाढता वाढता माझ्या हातून गफलत झाली आणि ती वाटी, चटणी भरलेली, त्यांच्या ताटाशेजारी गेली. माझ्या लक्षात आलं तोवर त्यांनी ती उचललीही होती. खाली-वर करून बघितली. काठावरून बोट फिरवलं. मी भाकरी मोडत खाली मान घालून बसले, आता काय ऐकावं लागतंय म्हणून.

त्यांनी चटणी घेतली, वाटी जिथली तिथं ठेवली, आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "चटनी चांगली झालीया. वाटीबी बरी हाय तुमची."